पट्टा बांधण्यापुरतं

तिने ट्रे पुन्हा लावायला घेतला. कापूस डावीकडे, स्पिरिट उजवीकडे, मग उलट. बाकीच्या मुली एकमेकींचं रक्त काढून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या आणि दाराशी खिदळत उभ्या होत्या.

“उरका की उद्याबाई, आम्हाला भूक लागलीय.”

नर्सिंगच्या वर्गात तिला हेच नाव पडलं होतं. लेखी परीक्षेत पहिली, पण सुई हातात घ्यायची म्हटलं की हिला कधी ताप, कधी पोटदुखी, कधी हातमोजेच सैल. आज मात्र पळवाट उरली नव्हती. आज रक्त काढलं नाही तर वॉर्डात पाठवणार नाही आणि वर्ष फुकट जाईल, असं मॅडमनी सकाळीच बजावलं होतं.

मॅडमनी मुलींना जेवायला पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

“हात धुऊन येते, मॅडम.”

“आत्ताच धुतलेस ना?”

“मग उद्या सकाळी काढलं तर? सकाळी माझं डोकं शांत असतं.”

इतके दिवस मॅडम तिला कामचुकार समजत होत्या. आता त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ सुकले होते. हातमोजे चढवूनही ती हात धुवायला निघाली होती. आळशी माणूस एवढं कशाला घाबरेल?

“कशाची भीती वाटते तुला?”

 तिच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. “शीर फुटली तर? सुई नर्व्हला लागली तर? हात लुळा पडू शकतो, पुस्तकात दिलंय. माझ्यामुळे कुणाचा हात गेला तर काय करू मी?”

बाकीच्या मुलींनी ते पान वाचलंच नव्हतं. हिने पाठ केलं होतं.

मॅडम स्टुलावर बसल्या. बाही वर सारून त्यांनी हात टेबलावर ठेवला. “सुई राहू दे. फक्त दंडाला पट्टा बांध.”

“नुसता पट्टा?”

“हो. मग वाटलं तर सोड आणि जा जेवायला.”

तिने पट्टा बांधला.

“आता शीर चाचपून बघ.”

शीर लगेच सापडली. चांगली टपोरी होती. तिने वर पाहिलं, तर मॅडमनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते.

“मॅडम, तुम्हीसुद्धा?”

“स्वतःच्या हातात सुई जाताना मला अजून बघवत नाही. तुझं चालू दे.”

तिला पट्टा सोडून पळावंसं वाटलं. पण पट्टा बांधून फार वेळ ठेवता येत नाही, हेही तिला पाठ होतं. तिने जागा पुसली आणि सुई टोचली.

रक्त आलंच नाही. कातडीखाली निळसर टेंगूळ वर येऊ लागलं. ज्याच्या धास्तीने ती इतके महिने पळत होती, तेच झालं होतं; शीर फुटली होती.  तिने पट्टा सोडला, सुई काढली, कापसाचा बोळा घट्ट दाबून धरला.

“सॉरी, मॅडम.” तिला रडूच आलं.

मॅडमनी डोळे उघडले. टेंगळाकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि पाचही बोटं हलवून दाखवली.

“दुखतंय चांगलंच. हात शाबूत आहे.”

ती कितीतरी वेळ बोळा दाबून त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने हातमोजे बदलले आणि नव्या सुईचं पाकीट फाडलं. 

“दुसरा हात द्या, मॅडम.”