हातगुण

सोनगीरजवळच्या एका गावात अभिमनचं वावर होतं. जमीन इतकी खारवट की वर पांढरं मीठ फुटायचं आणि पेरलेलं जळून जायचं. विहिरीचं पाणीही खारंच, त्यामुळे त्याची बायको यशोदाबाई लग्न होऊन आल्यापासून शेजारच्या गावाहून डोक्यावर पाणी आणत होती.

ब्याण्णव साली अभिमनने वावर विकून शहरात जायचं मनात घेतलं. म्हणाला, "यंदा बी पीक उनं नही, तं वावर इकी टाकसूत नि देवपूरले जासूत. तठे घरमा नळ शे."

पेरणीच्या तोंडावर शेतकी कॉलेजचे एक सर पिशवीभर माती देऊन गेले. म्हणाले, "यात चांगली बुरशी आहे. ती मुळांना धरून वाढते, मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी आणून देते. मग पीक खाऱ्या जमिनीतही तग धरतं."

अभिमनने ते काम यशोदाबाईवर सोपवलं. कामात चोरी करणं तिला कधी जमलं नव्हतं. वाकून वाकून तिनं प्रत्येक बियाखाली चिमूटभर माती घातली आणि रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडले.

श्रावणात ज्वारी कमरेला लागली. अभिमन बांधावरून ओरडला, "तुना हातले गुण शे! आते कोठेच जावानं नही!"

यशोदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी निंदणी करणाऱ्या सासूला वाटलं, सून सुखावली.



घरी येऊन तिनं कोपऱ्यातलं पोतं सोडलं आणि देवपूरला न्यायला बांधून ठेवलेली भांडी एकेक करून परत फळीवर मांडली.