'चल' म्हणायचं राहिलं

मुलांनो, कल्पना करा: पंधरा वर्षांची हेमांगी श्वानप्रशिक्षकांच्या वर्गात नाव घालायला आली आहे. गल्लीतल्या चिंधी कुत्रीला तिने वर्षभर शिकवलं आहे.

सरांनी अर्ज परत दिला. "अठरा पूर्ण झाल्यावर ये, बाळ. नियम आहे."

"बरं," हेमांगी म्हणाली. तिला ना रडू आलं, ना राग. ती बाहेर पडून चालत राहिली. चौकात आल्यावर कळलं, मागे चिंधी नाही. आत जाताना वर्गाच्या फाटकाशी तिला 'थांब' सांगितलं होतं. 'चल' म्हणायचं राहून गेलं.

ती धावत परतली. चिंधी भर उन्हात तशीच बसलेली. सर बिस्कीट दाखवून थकले होते.

"अगं, ही कुत्री आहे की दगड? कुणी शिकवलं हिला?"

हेमांगीने चिंधीपुढे गुडघे टेकले, आधी तिची माफी मागितली, मग म्हणाली, "चल."