गोड की खारट

गाईडने दिवा मालवला.

"एकच मिनिट हं," अंधारातून गाईडचा आवाज आला. "खाणीतला खरा काळोख कसा असतो ते बघा. आत्ता आपल्या डोक्यावर समुद्र आहे बरं का!"

कुणीतरी हसलं. तिला हसू येईना. तिने चाचपडत मागे हात नेला आणि बाबांची बाही घट्ट धरली. पस्तिशी ओलांडलेली बाई, पण जीव अगदी मुठीत धरून उभी होती.

वर सगळं किती छान होतं. निळं पाणी, कड्यावरची रंगवलेली घरं, कामगारांच्या जुन्या चाळीत थाटलेलं कॉफीचं दुकान. "आम्ही घाम गाळला तेव्हा कुत्रं फिरकलं नाही, आता बघायला रांगा," असं म्हणत बाबा सकाळपासून थट्टा करत होते. याच खाणीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांचा धाकटा भाऊ इथेच राहिला. एका दुपारी समुद्र आत शिरला. नंतर तो बोगदा भिंत घालून बंद केला, काकासकट. काकाचं नाव निघालं की आई डोळ्यांना पदर लावायची आणि बाबा विषय बदलायचे. "दगड आहे नुसता हा माणूस," आई म्हणायची.

लहानपणी ती रोज संध्याकाळी दारात बसून राहायची. आज समुद्र आत आला तर? शेवटी बाबांनी तिला खाणीतली एक युक्ती सांगितली होती. छतातून थेंब गळला की जिभेला लावून बघायचा. गोड लागला तर डोंगराचं पाणी, खुशाल काम करायचं. खारट लागला तर समुद्राचं. मग हातातलं टाकायचं आणि मागे वळून न बघता पळत सुटायचं. ते ऐकल्यावर कुठे तिला झोप लागू लागली.

मनगटावर थेंब पडला.

मनाचे खेळ, म्हणून तिने स्वतःला दटावलं. मग दुसरा पडला. तिने हात तोंडाशी नेला.

खारट.

"पळा! खारट आहे! समुद्र आत येतोय!" ती किंचाळली. "बाबा, चला!"

एकच गोंधळ उडाला. कुणी धडपडलं, एक पोर भोकाड पसरून रडू लागलं. ती दोन्ही हातांनी बाही ओढत होती, पण बाबा जागचे हलेनात. गाईडने कसाबसा दिवा लावला.

सगळ्यांनी माना वर केल्या. छत ठणठणीत कोरडं होतं.

"बाई, इथे कधीच गळत नाही हो," गाईड वैतागून म्हणाला.

"चला ना, बाबा," म्हणत ती वळली.

बाबांच्या मागे ती सिमेंटची भिंत होती. एक तळवा त्यांनी भिंतीवर टेकवला होता. मान खाली गेली होती आणि हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"तेव्हा मी मागे वळून बघितलं नाही गं," ते म्हणाले. "आज जरा थांबू दे."