साडूचे ठोके

खोटं वाटेल, पण आमच्या गोदीतला क्रेनवाला साडूच्या काळजावर नोकरी करायचा. कंपनीनं सगळ्यांना ठोके मोजणारे पट्टे मनगटावर बांधायला दिले होते. त्यातल्याच एका पट्ट्यानं वॉचमनचा जीव वाचवला, हे कबूल. पण ज्यांचे ठोके चुकले, त्यांना कंपनीनं गुपचूप घरी बसवलं. म्हणून छाती दुखायला लागल्यावर क्रेनवाल्यानं आपला पट्टा हमाली करणाऱ्या साडूच्या बाहीखाली बांधला. एके दुपारी क्रेन मध्येच थांबली. वर केबिनमध्ये क्रेनवाल्याची मान कलंडलेली. "मुकादम, चढून बघू का?" साडूनं विचारलं. मुकादमानं मोबाइलवर क्रेनवाल्याचे ठोके पाहिले. "कशाला? अगदी ठणठणीत आहेत. गडी झोपलाय." खरं बोलावं तर दोघांचीही नोकरी जाणार. साडूला दरदरून घाम फुटला, काळीज उरात आपटू लागलं. मुकादमानं मोबाइल पुढं धरला. "बघ, ठोके वाढले. स्वारी जागी होतेय आता."