दाखला तेवढा बाकी

"कसला दाखला?" ग्रॅहमने विचारलं.

"लग्नाचा, साहेब. तुमचा आणि मॅडमचा. एम्बसीचा शिक्का मारलेला." तानाजीने पावती टेबलावर ठेवली. "दोघांचे पासपोर्ट आणि फॉर्म सकाळीच आत गेले. दाखला तेवढा बाकी. उद्या तो दिला की मॅडमचा फॅमिली व्हिसा आठवड्यात हातात."

तानाजी घाग ओमानमधल्या सोहारच्या एका कारखान्याचा मंदूब होता, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं घेऊन खिडक्याखिडक्यांवर फिरणारा माणूस. अकरा वर्षांत त्याची एकही फाइल परत आली नव्हती, आणि हे तो कोणी न विचारताही सांगायचा. साहेबांपुढे फॉर्म ठेवायचा तो सगळा भरूनच. नव्या आलेल्या इंग्रज इंजिनियरला अरबी रकान्यांत कशाला गुंतवायचं? साहेबांनी फक्त सही करायची.

ग्रॅहम हसला. "अरे, आमचं लग्न कुठे झालंय? बारा वर्षं एकत्र राहतो. आमच्याकडे कोणी विचारत नाही."

घरातली साखर संपलीय असं सांगावं, तितक्या सहज त्याने ते सांगितलं. तानाजीला आधी वाटलं, साहेब थट्टा करतोय. तेवढ्यात आतल्या खोलीतून टेसा आली. बाळाच्या खोलीला ती स्वतःच रंग देत होती. हातावर पिवळे डाग, आणि सैल झग्यातूनही लपत नव्हता असा पाचवा महिना. तानाजीने खिडकी लावून घेतली. खाली अंगणात घरमालक झाडांना पाणी घालत होता.

विचारायला हवं होतं. पण एका घरात राहणारी दोन माणसं, त्यात बाई पोटुशी, त्यांना तोंडावर विचारायचं, तुमचं लग्न झालंय ना? त्याच्या गावी, संगमेश्वरात, असं विचारणाऱ्याला लोकांनी उंबऱ्यावरूनच हाकललं असतं. ब्रिटिश पासपोर्टला तर व्हिसा विमानतळावरच मिळतो, तिथे टेसाला कोणी नातं विचारलंच नव्हतं. तानाजीनेही विचारलं नाही. 'नातं' या रकान्यात त्याने आपल्या हाताने 'पत्नी' लिहिलं, आणि ग्रॅहमने न वाचता खाली सही ठोकली.

"साहेब, हळू बोला," तानाजी म्हणाला. "इथे लग्नाशिवाय असं राहणं गुन्हा आहे. आणि..." त्याची नजर टेसाच्या पोटाकडे गेली, ती त्याने घाईने फरशीकडे वळवली. "आता तर नाही म्हणायलाही जागा नाही. तुरुंग होतो. दोघांनाही."

टेसा खुर्चीत बसली. ग्रॅहमच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"मग उद्याच लग्न करतो."

"दाखल्यावर तारीख उद्याची पडेल."

"ठीक आहे, मग घरी जातो. आत्ता. गाडीने दुबई, तिथून विमान. सीमा तासाभरावर तर आहे."

"पासपोर्ट आत आहेत, साहेब."

"परत मागून आण!"

"काय कारण सांगू?"

 ग्रॅहमच्या चेहऱ्यावर आता ते हसू कुठेच नव्हतं.

तानाजी घाबरला होता. फॉर्मवर अक्षर त्याचं होतं. बायको विद्या आणि मुलगी उर्वी त्याच्याच व्हिसावर इथे होत्या, उर्वी सातवीत होती. समोर पोटुशी बाई बसलेली असताना आपल्याला आधी आपलंच सुचावं याची त्याला लाज वाटली. पण सुचलं ते तेच.

"मी बघतो," तो म्हणाला. "खिडकीवरचा मजीद माझ्या ओळखीचा आहे. घाईत चुकीचा फॉर्म भरला म्हणून सांगतो, फाइल मागून घेतो. त्याच्या टेबलावर फायली आठवडा आठवडा झोपलेल्या असतात. पासपोर्ट मिळाले की लगेच निघा. सामान मागाहून पाठवू."

टेसाने मान हलवली. तिने ग्रॅहमचा हात धरला आणि पिवळा रंग त्याच्या मनगटाला लागला.

तानाजीने नंबर लावला. घंटी वाजायला लागली तेव्हा कुठे त्याला सकाळचं बोलणं आठवलं. खिडकीवर फाइल देताना तो उगाच रेंगाळला होता. चांगल्या मनाने, आणि थोडं आपलं वजन दाखवायला, तो मजीदला म्हणाला होता, मॅडमला पाचवा महिना आहे, जरा लवकर कर. मजीदने छातीला हात लावला होता.

"तानाजी!" मजीदचा आवाज आनंदाने ओसंडत होता. "तुमारा काम हो गया, सदीक, मेरा दोस्त! मॅडम के पेट में बच्चा है, तो मैं खुद फाइल उपर लेके गया. अभी मुदीर के पास है. मुदीर बोला, कल सुबह दोनों को लेके आओ. शादी का पेपर भी. वो खुद मिलेगा."

मुदीर म्हणजे वरचा साहेब. त्याच्या टेबलावर गेलेली फाइल कोणाच्या ओळखीने खाली येत नाही. तानाजीने "मजीद, जरा सुनो" म्हणेपर्यंत मजीद आणखी एक-दोन शब्द बोलला, मोठ्याने हसला आणि त्याने फोन ठेवला.

खाली नळ बंद झाला. घरमालकाने पाइप गुंडाळला आणि वर खिडकीकडे बघून हात केला. ग्रॅहमने सवयीने हात वर करून त्याला उत्तर दिलं.

"काय म्हणाला तो?" टेसाने विचारलं.

तानाजीने फोन खिशात ठेवला.

"मब्रूक म्हणाला, मॅडम. अभिनंदन."