बाजेखालची वीट

लटारूने तीस वर्षं या खाणीतून कोळसा वर काढला होता. आता तो कोळसा परत खाली भरत होता. हवेतला धूर ओढून घेणारी यंत्रं त्याच्या काळ्या विटा पाडायची. लटारू प्रत्येक विटेवर आपला नंबर ठोकायचा आणि ती खाणीत रचायचा, कायमची.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा लेकीच्या बाजेखाली शेगडी फुललेली होती. लेक नऊ दिवसांची बाळंतीण. आभाळ आठवडाभर झाकोळलेलं, त्यामुळे वस्तीला सौर वीज नव्हती. शेगडीत अर्धी जळालेली वीट होती आणि तिच्यावर ४१७. त्याचाच नंबर.

"ही कुठून आणली?" त्याने बायकोला विचारलं.

"खाणीच्या जुन्या तोंडातून," पंचफुला म्हणाली. "सारी वस्ती तिथूनच आणते. तुम्हालाच तेवढं माहीत नव्हतं."

"अगं, कोणी जाळू नये म्हणून तर आम्ही पुरतो."

"मग बाळंतिणीला शेक कशाचा देऊ जी? ढगाचा?"

लटारू बाळाजवळ बसला. बाळाचे तळवे ऊबदार होते.

"फार खाली उतरावं लागते का?" त्याने विचारलं.

"शंभरेक पायऱ्या. गुडघे धरतात."

सकाळी वस्तीवरचा धूर यंत्रांकडे सरकत होता. लटारूने प्रत्येक विटेवर नेहमीसारखा नंबर ठोकला आणि विटा जुन्या तोंडाशी, पहिल्याच पायरीवर, हाताला येतील अशा रचल्या.