साहेबांच्या हातून

१९५८च्या चैत्रात सिदूनं जळकोटच्या चौकात सलग बहात्तर तास सायकल चालवली. पाय एकदाही जमिनीला लागला नाही. तसा तहसीलदार साहेबांच्या सहीचा दाखला मिळाला, की सोलापूरला आलेल्या सर्कशीत त्याची नोकरी पक्की होती. सकाळी दहाला वेळ भरली, पण हार घालून त्याला उतरवणारे साहेबच आले नव्हते.

"गुरुजी, उतरू का आता? मांड्यांचा पार दगड झालाय."

"येडा हाईस का? साहेबांच्या हातून उतरायचं ठरलंय. मन घट्ट कर जरा," वेळेची नोंद ठेवायला सावलीत खुर्ची टाकून बसलेले मार्तंड गुरुजी म्हणाले.

मन घट्टच होतं. त्याच्याच जोरावर सिदूनं उन्हात आणखी साडेतीन तास फेऱ्या मारल्या. मग मन ‘पायडल मार, मार’ म्हणत राहिलं आणि पाय हलेनात. तो सायकलीसकट आडवा झाला, तेवढ्यात साहेबांची जीप आली.

"वेळ दहालाच भरलीय, साहेब," म्हणत गुरुजींनी दाखला पुढं केला. साहेबांनी धुळीत पडलेल्या सिदूकडं पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.


"पडलेल्या माणसाला न पडल्याचा दाखला कसा देऊ, गुरुजी?"